दहा मिनिटं पुढे

नंदकिशोर आठल्ये यांनी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधल्या. सरकारी कंपनीत सिव्हिल इंजिनिअर म्हणून लागले आणि साताऱ्याहून बेंगळुरूला आले, ते मग मल्लेश्वरमचेच झाले. नोकरीत हाताळलेली सर्वांत लहान वस्तू कोणती असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर ते 'वीट' म्हणाले असते. असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं खोलायला बसला, याचं ओळखीच्या सगळ्यांना नवल वाटलं. त्यांना स्वतःलाही वाटलं.

खोड लावली ती गुरुप्रसाद यांनी. गुरुप्रसाद मूळचे निपाणीचे, त्याच कंपनीत इलेक्ट्रिकलला होते, आता एचएसआर लेआउटमध्ये मुलाकडे राहत. घड्याळं दुरुस्त करण्याचा छंद त्यांना जुनाच. नंदकिशोरांची बायको प्रेमा गेली, त्यानंतर महिनाभराने ते भेटायला आले. जाताना एक बंद पडलेलं चावीचं घड्याळ आणि हत्यारांची छोटी पेटी टेबलावर ठेवली.

"उघड," ते म्हणाले.

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही येत नाही म्हणूनच उघड. बिघडून बिघडून काय बिघडणार? बंदच आहे की ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदकिशोरांनी ते उघडलं. दुपारच त्यांना नको व्हायची. जेवण झालं, भांडी घासली, की घर गप्प व्हायचं आणि चार काही वाजायचे नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि चहा करायचा राहिला होता. घड्याळाचे तुकडे झाले होते आणि ते परत जोडता येत नव्हते. तरी त्यांना बरं वाटलं.

तेव्हापासून प्रेमाच्या शिवणयंत्राचं टेबल त्यांचं झालं. यंत्र आत ढकललं की वर सपाट फळी होते, तिच्यावर कामाचा पांढरा ट्रे. उजव्या खणात हत्यारं: दोन चिमटे, रंगीत टोप्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर, मागचं झाकण उघडायची चपटी सुरी, धूळ उडवायचा रबरी फुगा, तेलाचा थेंब ठेवायची सुई. डाव्या खणात प्रेमाचा शिवणाचा डबा होता तसाच राहिला. सुटे भाग मिळवायला ते रविवारच्या जुन्या बाजारात जात, मेलेल्या घड्याळांची पिशवीच विकत आणत आणि घरी येऊन भाजी निवडावी तशी निवडत.

पहिल्या आठवड्यात एक स्क्रू चिमट्यातून निसटला. तांदळाच्या कणीपेक्षा लहान. दोन दिवस शोधला आणि शेवटी देवघरात हळदीच्या वाटीत सापडला. तेव्हा मात्र नंदकिशोरांमधला इंजिनिअर जागा झाला. माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर होता. त्याचे स्पीकर फोडून त्यांनी आतली गोल लोहचुंबकं काढली आणि ट्रेच्या खालून चारी कडांना चिकटपट्टीने पक्की बसवली. आता स्क्रू पळाला तरी कडेला जाऊन अडकणार. आणि तसंच झालं. त्यानंतर एकही स्क्रू हरवला नाही. वर आणखी एक फायदा झाला. चिमटा स्क्रूजवळ नेला की स्क्रू आपणहून उडी मारून चिमट्याला चिकटायचा.

ही युक्ती त्यांनी गुरुप्रसादांना सांगितली नाही. चाळीस वर्षं 'तुम्ही सिव्हिलवाले म्हणजे वाळू चाळणारे' असं ऐकून घेतलं होतं. एखाद्या दिवशी घरी बोलावून दाखवायचं आणि त्यांचं तोंड बघायचं, असा बेत होता.

हळूहळू घड्याळं चालू व्हायला लागली. सगळी नाही, पण बरीच. इमारतीतले लोक कपाटातली जुनी घड्याळं घेऊन येऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या कौशल्याअक्कांचं घड्याळ त्यांनी असंच दुरुस्त करून दिलं. अक्का जुन्या बेंगळुरूच्या, घरात मराठी बोलणाऱ्या पण निम्मे शब्द कानडी. त्या भजनी मंडळ चालवत.

"नंदाअण्णा, तुम्ही घड्याळ करून दिलंत नं, तेव्हापासून मला कध्धी उशीर नाही," त्या जिन्यात भेटून म्हणाल्या. "परवा देवळात गेले, तर पुजारी अजून आंघोळीला! मीच त्याला दार वाजवून उठवलं."

नंदकिशोर खूश झाले.

एक घड्याळ मात्र त्यांनी उघडलं नव्हतं. प्रेमाचं.

ते छोटं, सोनेरी रंगाचं, चावीचं घड्याळ होतं. शाळेत शिक्षिका म्हणून लागल्यावर पहिल्या पगारातून तिने घेतलेलं. आणि ते पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं पुढे असायचं. ती रोज सकाळी रेडिओच्या वेळेला लावायची आणि मग मुद्दाम दहा मिनिटं पुढे ढकलायची. घरात दोन वेळा चालत, एक देशाची आणि एक प्रेमाची, आणि घर चालायचं ते प्रेमाच्या वेळेवर. कुणाच्या लग्नाला गेले तर मांडववाले अजून खुर्च्या उतरवत असायचे.

"आपण काय सतरंज्या घालायला यायचं का दरवेळी?" नंदकिशोर कुरकुरायचे.

"पहिल्या पंगतीला गरम मिळतं," प्रेमा म्हणायची.

आणि मिळायचं. हे त्यांना कबूल करावंच लागायचं.

ती गेल्यावर त्या घड्याळाला चावी दिली गेली नाही. ते थांबलं. नंदकिशोरांनी ते तिच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलं.

मग एका रविवारी नात वेदिका आली. ती मुलीची, प्रांजलीची मुलगी, बेळ्ळंदूरला आईवडिलांजवळ राहते आणि तिथल्याच एका ऑफिसात काम करते. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा धारवाडकडचा, चंदन नावाचा. साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता.

"आबा, आजीचं घड्याळ कुठेय?"

"का गं?"

"साखरपुड्याला मला ते घालायचंय."

"तुझ्या हातात आहे की एक." नंदकिशोरांनी तिच्या मनगटावरच्या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"हे? हे घड्याळ नाही, हा हेडमास्तर आहे. सारखं सांगतं, उठा, उभे राहा, पाणी प्या."

"तुझी आजी तेच सांगायची."

वेदिका हसली. मग डबा उघडून तिने घड्याळ काढलं आणि कानाला लावलं. "पण चालू हवं हं आबा. नुसतं दागिना म्हणून नको. आजी गेली तरी तिचं घड्याळ टिकटिक करत असेल ना, तर मला वाटेल ती आलीय. बंद असेल तर…"

"चालू होईल," नंदकिशोर म्हणाले. एवढं ठामपणे ते कधी पाण्याच्या टाकीबद्दलही बोलले नव्हते.

ती गेल्यावर त्यांनी दोनदा हात धुतले, भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. बायकी घड्याळाचं यंत्र इतकं लहान असतं की पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्या श्वासानेच उडून जाईल. तेल वाळून तपकिरी झालं होतं. बाकी काही तुटलेलं नव्हतं. एकेक चाक काढून त्यांनी वाटीतल्या पेट्रोलमध्ये धुतलं, वाळवलं, सांध्यासांध्यात तेलाचा कणभर थेंब ठेवला. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी शेवटचं चाक बसवलं, तेच सगळ्यांत नाजूक, डावीउजवीकडे झुलणारं, पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग असलेलं. चिमटा बाजूला घेतला आणि चाक झुलायला लागलं.

टिकटिक सुरू झाली. नंदकिशोर खुर्चीतून उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बघितलं. चालूच होतं. त्या दिवशी त्यांनी शिरा केला. एकट्यासाठी शिरा त्यांनी कधी केला नव्हता. जास्त झाला, तो अक्कांकडे दिला.

पण हा आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. दुपारी बरोबर लावलेलं घड्याळ दिवेलागणीला पाऊण तास पुढे गेलं होतं.

"वहिनींचं घड्याळ नं ते? पुढेच जाणार!" अक्का शिऱ्याची वाटी परत करायला आल्या, त्या म्हणाल्या. "स्वभाव आहे त्याचा. राहू द्या तसंच."

नंदकिशोरांना हसू आलं, पण राहू देणं शक्य नव्हतं. दहा मिनिटं पुढे ठेवणं हा प्रेमाचा हिशेब होता. तासाभरात दहा मिनिटं पळणं हा बिघाड होता. अशा घड्याळावर साखरपुड्याच्या दिवशी संध्याकाळीच रात्र झाली असती. त्यांनी परत खोललं. परत धुतलं. परत जोडलं. घड्याळ परत पळालं. फोनमध्ये एक सोय होती, टिकटिक ऐकून घड्याळ पुढे जातंय की मागे ते रेघ काढून दाखवणारी. ती रेघ आडवी यायला हवी. यांची रेघ जिन्यासारखी वर चढत होती.

शनिवारी सकाळी नंदकिशोर आणि गुरुप्रसाद मल्लेश्वरमच्या एका दर्शिनीत भेटत. उभ्याने इडली खायची, कॉफी प्यायची, सुट्या भागांची देवाणघेवाण करायची, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. साखरपुड्याच्या आदल्या दिवशीच्या शनिवारी नंदकिशोरांनी फोनवरचे फोटो दाखवले.

गुरुप्रसादांनी चष्मा कपाळावर चढवला. "स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायलेत बघ. म्हणून पळतंय. तेल लागलंय काय स्प्रिंगला?"

"तीनदा धुतली."

"मग गेली ती. आण माझ्याकडं घड्याळ, बघतो."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"घराबाहेर न्यायचं नाही ते. रिक्षात कुठे पडलं म्हणजे?"

गुरुप्रसादांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यावर थट्टा केली नाही. खिशातून एक कागदी पुडी काढली. "हे घे. सेम मॉडेल. यातली स्प्रिंग, चाक, दोन्ही काढून बसव."

नंदकिशोर पुडीकडे बघत राहिले. "मग ते तिचं घड्याळ कुठे राहिलं?"

"डबी तिची, काटे तिचे, पट्टा तिचा. आणि काय पाहिजे?"

"जे चालतं ते तिचं हवं."

"ऐक माझं. आज संध्याकाळपर्यंत बघ. नाही जमलं तर मी येतो, दोघं मिळून हे बसवू. पोरीला शब्द दिलायस तू. चालू घड्याळ म्हणालीय ती, जुनी स्प्रिंग नाही म्हणाली."

हे खरं होतं. नंदकिशोरांनी पुडी खिशात टाकली. मग मूड बदलावा म्हणून म्हणाले, "माझा चिमटा काय झालाय माहितीये? स्क्रूला नुसता दाखवायचा, स्क्रू येऊन चिकटतो."

"हाताला चटणी लागली असेल."

"चटणी नाही. हात बसलाय आता माझा. शिवाय एक युक्ती केलीय मी. घरी आलास की दाखवीन."

"सिव्हिलवाल्याची युक्ती म्हणजे काय, सिमेंट घातलं असशील थोडं."

दुपारी नंदकिशोर टेबलापाशी बसले. पुडी उघडून समोर ठेवली. आतली दुसरी स्प्रिंग चांगली होती, वेढे सुटे सुटे होते. हात काही पुढे होईना. मग त्यांनी स्वतःला सांगितलं, आधी उद्याचा सदरा बघू. सदरा काढला तर वरचं बटण लोंबत होतं.

बटणं लावणं हे त्यांनी गेल्या वर्षात शिकलेलं काम. डावा खण उघडून त्यांनी प्रेमाचा शिवणाचा डबा काढला. सुईत दोरा ओवायला भिंगाची चांगलीच मदत होते, हा घड्याळांचा एक उपयोग. बटण झालं. गाठ मारली, दोरा कापला आणि सुई टेबलावर ठेवली.

सुई सरकली.

कुणी हात न लावता ती फळीवरून घसरत गेली आणि ट्रेमधल्या चिमट्याला टक्कन जाऊन चिकटली.

नंदकिशोर बघतच राहिले. त्यांनी सुई सोडवली, परत ठेवली. सुई परत गेली. त्यांनी कात्री आणली, कात्रीने टाचणी उचलली. स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याला तीन टाचण्या लटकल्या. शाळेत लोखंडाच्या किसाचा प्रयोग करतात तसा सगळा टेबलभर खेळ सुरू झाला. आणि मग त्यांनी ट्रे उचलून खाली बघितलं. चारी कडांना टेपरेकॉर्डरची लोहचुंबकं ऐटीत बसली होती.

ही चुंबकं, त्यांनी चुंबकीय केलेला चिमटा, त्या चिमट्याने धरलेली केसाएवढी पोलादी स्प्रिंग. वेढे एकमेकांना चिकटणार नाहीत तर काय करतील?

त्यांनी फोन लावला.

"गुरू, ती तुझी निळी डबी आहे ना, चुंबक उतरवायची?"

"डीमॅग्नेटायझर? आहे की. का?"

"घेऊन ये."

"कशाला चुंबक लागलंय?"

"सगळ्याला."

"सगळ्याला म्हणजे?"

"तू ये तर आधी."

गुरुप्रसाद आले तेव्हा रस्त्यावरच्या गर्दीने चिडलेले होते. "ह्या गावात भाजी दहा मिनिटांत घरी येते आणि माणसाला दोन तास लागतात," असं म्हणतच आत शिरले. नंदकिशोरांनी ट्रे उलटा करून त्यांच्यापुढे धरला.

गुरुप्रसादांनी एक चुंबक बघितलं. दुसरं बघितलं. मग खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला आणि हसायला लागले. आवाज न होता, नुसतं पोट हलत होतं. डोळ्यांतून पाणी आलं.

"ही युक्ती व्हय तुझी?"

"एकही स्क्रू हरवला नाही."

"कसा हरवेल? अरे, इथं उद्या बस आणून उभी केलीस तर ती हलणार नाही! सिव्हिल रे सिव्हिल. चाळीस वर्षं सांगायलोय मी."

"आता दुरुस्त होईल का ते सांग."

गुरुप्रसादांनी पिशवीतून निळी डबी काढली. साबणाच्या वडीएवढी, वर एक लाल बटण. भिंतीत वायर खुपसली. "तूच कर," ते म्हणाले. "डबीवर धर, बटण दाब, आणि दाबलेलंच ठेवून सावकाश वर उचल. हातभर लांब गेल्यावर बटण सोड. घाई करू नको. घाई केलीस तर आणखी लागेल."

नंदकिशोरांनी घड्याळ दोन बोटांत धरलं. बटण दाबताच डबी गुणगुणली आणि घड्याळ बोटांत किंचित थरथरलं. ते सावकाश हात वर नेत गेले. बटण सोडलं. गुणगुण थांबली.

भिंग लावून त्यांनी आत पाहिलं. वेढे सुटले होते. स्प्रिंग मिटत होती, उमलत होती, एकाला एक न शिवता. तिचीच स्प्रिंग. फोन जवळ ठेवला. रेघ निघाली, जराशी वाकडी, मग सरळ झाली आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेली.

दोघेही ती रेघ क्रिकेटची मॅच बघावी तशी बघत बसले.

"ती पुडी परत दे माझी," गुरुप्रसाद थोड्या वेळाने म्हणाले.

मग त्यांनी एकेक हत्यार डबीवरून काढलं. चिमटे, स्क्रूड्रायव्हर, कात्री, आणि शेवटी प्रेमाच्या डब्यातल्या सुया. तेवढ्यात नंदकिशोरांना आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"गुरू, मी इमारतीतली सगळी घड्याळं याच टेबलावर केलीत."

पाच मिनिटांत कौशल्याअक्का घड्याळ घेऊन वर आल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचे दोघं, मग वॉचमन. बाहेरच्या खोलीत रांग लागली. गुरुप्रसाद बटण दाबायला बसले. कारण कळल्यावर अक्कांचा चेहरा पडला.

"म्हणजे मी एवढे दिवस वेळेवर नव्हते?"

"तुम्ही वेळेच्या आधी होतात," नंदकिशोर म्हणाले.

"मग असू दे की तसंच! पुजाऱ्याला आता सवय लागलीय."

शेवटी त्यांनी घड्याळ दुरुस्त करून घेतलं, पण नाइलाजाने. रांग संपल्यावर सगळ्यांना चहा झाला. त्या खोलीत इतकी माणसं वर्षभरात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे मित्र बेळ्ळंदूरला पोहोचले. प्रांजलीच्या इमारतीच्या क्लब हाउसमध्ये साखरपुडा होता. मुलाकडच्यांचा एकच आग्रह होता: रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, अंगठी त्याच्या आत झाली पाहिजे.

वेदिका तयार होऊन बसली होती. नंदकिशोरांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ काढलं आणि तिच्या कानाला लावलं. तिने डोळे मिटले. मग हात पुढे केला. नंदकिशोरांनी पट्टा बांधला.

तिने घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं बघितलं. "आबा, हे बरोबर दाखवतंय."

"दाखवणारच! काल संध्याकाळपासून एका सेकंदाचा फरक नाही."

"पण आजीचं दहा मिनिटं पुढे असायचं."

"अगं, आता ते अचूक…"

"मग ते आजीचं कुठे राहिलं?"

गुरुप्रसाद शेजारी उभे होते. त्यांना खोकला आला. नंदकिशोरांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. दिवसरात्र खपून मिळवलेली ती आडवी रेघ एकदा त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग ते म्हणाले, "चावी बाहेर ओढ. हळू. आता फिरव."

वेदिकाने काटा दहा मिनिटं पुढे नेला आणि चावी आत दाबली.

चार वाजून गेले तरी चंदनचा मामा आला नव्हता. तो धारवाडहून निघालेला, शहरात येऊन गर्दीत अडकला होता. मुलाची आई शिवलीला ओटीचं ताट दोन्ही हातांत धरून दाराकडे बघत उभी होती. तिचा फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर. तिने शेजारी बसलेल्या सुनेच्या मनगटाकडे पाहिलं.

"अय्यो! राहुकाळ लागेल की आता! सातच मिनिटं राहिलीत!"

मग जी पळापळ झाली ती काय सांगावी. भटजींच्या हातातली कॉफी काढून घेतली. चंदन फोटोसाठी बाहेर गेला होता, त्याला दोघांनी धरून आणलं. अंगठीची डबी प्रांजलीच्या हातातच होती आणि ती सगळ्यांना विचारत होती, डबी कुठेय. भटजींनी मंत्र एका दमात म्हटले. अंगठ्या घातल्या गेल्या, अक्षता पडल्या, निम्म्या फोटोग्राफरच्या डोक्यावर. शिवलीलाने ताट खाली ठेवलं आणि मोठा श्वास घेतला. "सरी. झालं बाई वेळेत."

"आई," चंदन फोन बघत म्हणाला, "राहुकाळाला अजून बारा मिनिटं आहेत."

सगळे एकदम वेदिकाच्या हाताकडे बघायला लागले. तेवढ्यात दारातून मामा घामाघूम आत शिरला. "चुकलं का? लागला राहुकाळ?"

"नाही, नाही, या!" वेदिका म्हणाली. "भरपूर वेळ आहे. परत घालतो आम्ही."

आणि अंगठ्या काढून मामासाठी सगळं परत झालं, या वेळी सावकाश. भटजी कॉफी पिऊन आले. फोटोग्राफरला पहिल्या वेळी काहीच मिळालं नव्हतं, तोही खूश झाला.

नंदकिशोर मागच्या ओळीत बसले होते. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्यांना हसू आवरेना. ते इतक्या मोठ्याने हसले की प्रांजली पुढून वळून बघायला लागली. वर्षभरात बापाचं हे हसणं तिने ऐकलं नव्हतं.

"काय झालं रे?" गुरुप्रसादांनी विचारलं.

"आजही पळवलं तिने सगळ्यांना," नंदकिशोर डोळे पुसत म्हणाले. "स्वतः नाही, तरी पळवलं."

"सवयच ती वहिनींची."

"चल, ऊठ."

"कुठं?"

"चल तर."

हॉलच्या टोकाला खाण्याची टेबलं मांडणं चाललं होतं. पांढरे कपडे अजून अंथरायचे होते. मागे तव्यावर होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, भाजायला नुकत्याच घेतल्या होत्या आणि तुपाचा वास येत होता. नंदकिशोरांनी ढिगातली वरची ताटली उचलली, एक गुरुप्रसादांच्या हातात दिली आणि रांगेत पहिले उभे राहिले. रांगेत दुसरं कुणी नव्हतं.

अजून थोडा वेळ लागेल म्हणून तव्यावरचा माणूस ओशाळला. कानडीत म्हणाला, "सार, इन्नू स्वल्प टाइम आगत्ते."

"होऊ दे सावकाश," नंदकिशोर म्हणाले. "आम्ही नेहमी आधीच येतो."